दृष्टिबाधित मुलांचे तुटलेले दात आणि नोंदवहीतला कोरा रकाना

सोनचाफा (मूळ लेख)

दृष्टिबाधित मुलांच्या एका निवासी शाळेत मी १९ वर्षे वसतिगृहाची अधीक्षिका होते. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर जुन्या वह्या आवरताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. ती मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मुलांच्या लहानमोठ्या दुखापतींची आमच्याकडे एक नोंदवही असे. गुडघा फुटणे, कपाळाला टेंगूळ येणे, दारात बोट सापडणे अशा प्रत्येक नोंदीपुढे ‘मलमपट्टी केली’, ‘दोन टाके घातले’, ‘बरे झाले’ असे काही ना काही लिहिलेले आहे. समोरचा दात तुटल्याच्या नोंदींपुढचा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी कोरा आहे.

तो कोरा का राहिला हे मला ठाऊक आहे आणि त्यात माझाही वाटा आहे. दोन प्रसंग सांगते.

पहिला प्रसंग ११ वर्षांच्या एका मुलाचा. पाणी प्यायला वाकताना त्याचा वरचा पटाशीचा दात नळाच्या तोटीवर आपटला आणि दाताचा कोपरा तिरका तुटला. रक्त फारसे आले नव्हते आणि त्याने तक्रारही केली नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला न्यायला घरची माणसे आली, तेव्हा मी दंतवैद्याला दाखवा असे सुचवले. त्यावर त्याचे काका अगदी साधेपणाने म्हणाले, ‘राहू द्या बाई, त्याला कुठे आरशात बघायचे आहे?’ मुलगा शेजारीच उभा होता. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, मीही मान हलवली आणि विषय तिथेच संपला. पुढे वर्षभर तो मुलगा पेला ओठांच्या एका कडेला लावून पाणी पीत असे आणि भाकरी बाजूच्या दाढांनी तोडत असे. आम्ही ती त्याची सवय समजत होतो. गार पाणी दाताला लागताच कळ येते म्हणून तो तसे करतो, हे मला फार उशिरा कळले.

दुसरा प्रसंग अधिक बोचणारा आहे. शयनगृहाचे दार कोणीतरी अर्धवट उघडे ठेवले होते. १३ वर्षांची एक मुलगी रोजच्या सवयीने भरभर चालत आली आणि दाराची उभी कड तिच्या तोंडावर बसली. वरचा एक दात मुळासकट निघून खाली पडला. स्वयंपाकघरातील ताईंनी तो शोधून दिला. मी तो नळाखाली धरून चांगला चोळून धुतला, कोरड्या कापसात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी गेले. मी स्वच्छता राखली असे मला वाटत होते, परंतु त्या दाताचे जे काही वाचण्यासारखे होते ते माझ्याच हातून गेले होते.

या मुलांचे दात अधिक प्रमाणात का तुटतात, तुटल्यावर पहिल्या तासाभरात काय करावे आणि पुढच्या उपचारांत ही मुले मागे का राहतात, यावर जाणकारांनी आणि विशेषतः स्वतः दृष्टिबाधित असलेल्या सदस्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

सागरकाठ

सोनचाफाताई, हा विषय मांडल्याबद्दल आभार. आम्ही म्हापशाला राहतो. माझी मुलगी ८ वर्षांची आहे. ती सातव्या महिन्यात जन्मली आणि रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटीमुळे (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या दृष्टिपटलाच्या आजारामुळे) तिची दृष्टी गेली. तिचे वरचे दोन नवे दात आता पूर्ण आले आहेत आणि ते जरा पुढे आहेत. ती घरभर धावते. आम्ही टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लावला आहे, तरी मागच्या महिन्यात ती आतेभावाच्या डोक्यावर आपटली आणि ओठ आतून फाटला. तेव्हापासून तिची आई तिला धावू देत नाही. तिचे धावणे बंद करणे मला पटत नाही, पण धीरही होत नाही. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात तिला दाखवण्याचा विचार आहे. तिथे नेमके काय विचारावे?

पायवाट

मी दृष्टिबाधित मुलांना चलनवलनाचे प्रशिक्षण देतो. दातांबद्दल डॉक्टर मंडळी लिहितीलच. मी आदळण्याबद्दल लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटते की या मुलांना अनोळखी रस्त्यावर जास्त लागत असेल. माझा अनुभव उलट आहे. अनोळखी जागी मूल हळू चालते, हात पुढे ठेवते, काठी वापरते. तोंडाला लागते ते ओळखीच्या जागी, कारण तिथे ते विश्वासाने वेगात चालत असते आणि कोणीतरी त्या जागेत न सांगता बदल केलेला असतो. बाक हलवलेला असतो, व्हरांड्यात सायकल लावलेली असते, खिडकीचे झडप बाहेर उघडे राहिलेले असते. या सगळ्यांत वाईट म्हणजे अर्धवट उघडे दार. बंद दार हाताला लागते, पूर्ण उघडे दार भिंतीला टेकलेले असते. अर्धवट उघड्या दाराची कड मात्र पुढे केलेल्या दोन हातांच्या मधून नेमकी तोंडापर्यंत येते.

पांढऱ्या काठीची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. लांब काठी फिरवत चालण्याची आजची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी बसवली. ती जमिनीवरचा अडथळा, खड्डा, पायरी उत्तम सांगते. कमरेच्या वर तिला काही कळत नाही. जिन्याची खालची उतरती बाजू, टेम्पोचा उघडा फाळका, भिंतीतून बाहेर आलेला कूलर यांना खाली जमिनीवर आधार नसतो, त्यामुळे काठी त्यांच्या खालून निघून जाते आणि चेहरा आदळतो. दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन ध्वनिलहरींच्या साहाय्याने गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ओळखून मुठीत कंपन देते. परंतु घरात आणि वसतिगृहात मुले बहुधा काठीच वापरत नाहीत, म्हणून खरा आधार हाताचा असतो.

तो हात शिकवावा लागतो. एक हात खांद्याच्या उंचीवर कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर आडवा धरायचा, तळवा बाहेरच्या बाजूला ठेवायचा आणि बोटे विरुद्ध बाजूच्या खांद्याच्या थोडी पलीकडे जातील असे पाहायचे. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेतून पुढे झुकायचे नाही. गुडघे वाकवून पाठ ताठ ठेवत सरळ खाली बसायचे, आणि झुकावेच लागले तर एक हात कपाळासमोर धरायचा. खुर्चीची पाठ, खाटेची लोखंडी कड आणि नळाची तोटी यांनी दात तुटतात ते बहुतेक अशा झुकण्यात. सोनचाफाताईंनी सांगितलेल्या मुलाला आधी एका हाताने तोटी चाचपायची आणि हात तिच्यावर ठेवूनच तोंड खाली न्यायचे एवढे शिकवलेले असते, तर त्याचा दात राहिला असता. हे शिकवणे माझ्यासारख्या शिक्षकांचे काम आहे आणि आम्ही रस्ता ओलांडण्यावर जेवढा वेळ देतो तेवढा पाणी पिण्यावर देत नाही, हे मी मान्य करतो.

सागरकाठ, मुलीचे धावणे बंद करू नका. न धावलेल्या मुलाचा तोल कच्चा राहतो, पडताना हात पुढे टाकण्याची सवय लागत नाही आणि पुढे ते मूल अधिक वाईट पडते. दादरच्या कमला मेहता अंधशाळेतील मुली मल्लखांब करतात, आणि तिथे शरीरावरचा ताबा हाच संरक्षणाचा पाया असतो. घरात एक नियम सर्वांनी पाळा: दार एक तर पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडे, आणि सामान हलवले तर मुलीला आधी तिथे नेऊन हात लावून दाखवायचे. फोमपेक्षा हा नियम अधिक उपयोगी पडेल.

रानवारा

मी जन्मतः पूर्ण अंध आहे, वय २६, एका बँकेत नोकरी करतो आणि हा धागा स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर) वाचत आहे.

‘त्याला कुठे आरशात बघायचे आहे?’ हे वाक्य मीही ऐकले आहे, वेगळ्या शब्दांत. माझा दात १६ व्या वर्षी क्रिकेट खेळताना तुटला. आमच्या चेंडूत छर्रे असतात आणि त्यांच्या आवाजावर आम्ही धावतो. मी आणि माझा मित्र एकाच आवाजावर दोन बाजूंनी धावलो. त्याच्या कपाळाला खोक पडली आणि माझ्या दाताचा तुकडा उडाला. त्याला लगेच टाके घातले. मला गुळण्या करायला सांगितले.

तुटलेला दात दिसत नाही म्हणजे कळत नाही, असे डोळस माणसांना वाटत असावे. माझी जीभ दिवसभर त्या धारदार कडेवर जात असे. खालच्या ओठाला आतून सतत चीर पडलेली असे. ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना हवा कशी निसटते हे मला इतरांच्या आधी ऐकू आले, कारण मी माणसे आवाजाने ओळखतो आणि माझा स्वतःचा आवाज मला बदललेला ऐकू येत होता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतून मी नाव काढून घेतले, आणि त्याचे कारण कोणी विचारले नाही. पुढे महाविद्यालयात एका मित्राच्या आग्रहाने दंत महाविद्यालयात गेलो. तिथे एकाच बैठकीत कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) दात पूर्ण करून दिला. पाच वर्षे जे सहन केले ते अर्ध्यापाऊण तासाचे काम होते.

खेळाबद्दल एक सूचना करतो. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूकडे किंवा प्रतिस्पर्ध्याकडे जाताना ‘व्हॉय’ असे मोठ्याने ओरडणे नियमाने बंधनकारक आहे. शाळेच्या मैदानावरच्या कोणत्याही खेळात हा नियम आणता येतो. आम्ही नंतर ‘आलो’ असे ओरडू लागलो आणि टकरी बऱ्याच कमी झाल्या.

बालदंतवैद्य

मी बालदंतरोगतज्ज्ञ आहे. वरील सर्व प्रतिसाद वाचून थोडे सविस्तर लिहीत आहे.

दाताला इजा होणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे आणि सर्वांत जास्त इजा वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना होते. उदयपूर शहरातील १२ आणि १५ वर्षांच्या दृष्टिबाधित व डोळस मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दृष्टिबाधित मुलांमध्ये तुटलेल्या दातांचे प्रमाण जास्त आढळले. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हाँगकाँगमध्ये दृष्टिबाधित मुलांवर झालेला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास, कारण त्यात मोजणीच ‘तुटलेल्या आणि दुरुस्त न झालेल्या’ दातांची होती. सोनचाफाताईंच्या वहीतला कोरा रकाना हाच आहे.

सागरकाठ, दात पुढे असणे आणि ओठ सहज न मिटणे हे इजेचे मोठे कारण आहे. वरचे दात खालच्या दातांच्या ३ मिलिमीटरहून अधिक पुढे असतील तर इजेचा धोका साधारण दुप्पट होतो. हे अंतर वेळेवर कमी केले तर इजा कमी होतात, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून बांबोळीला गेल्यावर हे अंतर मोजून घ्या आणि ऑर्थोडोंटिक (दात तारेने मागे घेण्याचे) उपचार कधी सुरू करावेत हे विचारा. दृष्टिबाधित मुलांना तारा लावण्याचा सल्ला क्वचितच दिला जातो, कारण तारा लावणे म्हणजे सौंदर्याचा उपचार असे समजले जाते. माझ्या मते डोळस मुलापेक्षा तुमच्या मुलीला त्याची गरज अधिक आहे, कारण आदळण्याचे प्रसंग तिच्या वाट्याला अधिक येणार आहेत. खेळताना मापावर बनवलेला माउथगार्ड (दातांवर बसवायचे मऊ कवच) उपयोगी पडतो, मात्र या वयात दात येत असतात, त्यामुळे तो वेळोवेळी बदलावा लागतो.

आता पहिल्या तासाबद्दल. दात मुळासकट निघाला तर मुळावर एक पातळ जिवंत थर असतो, त्यातील पेशी दाताला हाडाशी जोडतात. पहिल्या पंधरा मिनिटांत दात परत खाचेत बसला तर त्यातील बहुतेक पेशी वाचतात. कोरड्या हवेत एक तास गेला की त्या मेलेल्या समजाव्या लागतात. सोनचाफाताई, चोळण्याने तो थर निघतो आणि कापूस त्याला कोरडा करतो, परंतु तुम्ही केले तेच जवळजवळ सगळे करतात, कारण कोणी शिकवलेलेच नसते.

करायचे ते असे. दात रुंद, गुळगुळीत बाजूने धरावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधात, सलाइनमध्ये किंवा मुलाच्याच लाळेत हलकेच बुडवून काढावा, पुसू नये. तो कायमचा दात असेल आणि मूल शुद्धीवर व शांत असेल तर तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला स्वच्छ रुमालावर दात मिटून धरायला सांगावे आणि लगेच निघावे. बसवणे जमले नाही तर दात थंड, साध्या दुधाच्या पेल्यात टाकून न्यावा. दूध का, असे पालक विचारतात. दुधातील क्षारांचे प्रमाण पेशींना मानवते, साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात. तरीही काहीच नसेल तर कोरड्या कापसापेक्षा पाणी बरे. दुधाचा दात निघाला तर तो परत बसवायचा नसतो, कारण त्याने वर तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

तुकडा उडाला असेल तर तोही ओला ठेवून आणावा, बरेचदा तोच परत चिकटवता येतो. तुकडा सापडत नसेल आणि ओठ फाटला असेल तर ओठाचा एक्स-रे काढायला सांगावे, कारण तुकडा ओठात रुतलेला असू शकतो. लहान मुलाच्या नव्या कायमच्या दाताचे मूळ पूर्ण तयार झालेले नसते, पटाशीच्या दातांचे ते साधारण दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होते. तोपर्यंत दाताची नस जिवंत राखण्याचा प्रयत्न करता येतो. उशीर झाला की ती संधी जाते आणि मूळ पातळ, ठिसूळ राहते.

परत बसवलेल्या दाताला साधारण दोन आठवडे लवचिक तारेचा आधार देतात. नंतर महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणी लागते. ही मुले इथेच सुटतात. नस मेलेला दात करडा पडतो, ते डोळस मूल आरशात पाहून सांगते. दृष्टिबाधित मुलाला रंग दिसत नाही. हिरडीवर आलेली पुवाची पुळी मात्र जिभेला आणि बोटाला कळते, म्हणून ‘इथे फुगवटा लागला तर सांग’ हे त्याचे बोट तिथे ठेवून शिकवावे.

माझ्या क्षेत्रातल्यांसाठीही थोडे लिहितो. खुर्ची न सांगता मागे झुकवू नये. मुलाला दंड पकडून ओढण्याऐवजी त्याला आपले कोपर धरू द्यावे. डोळस मुलाला आधी साधन दाखवतो, तसे या मुलाच्या हातात आरसा, हवेची नळी, कापसाचा बोळा द्यावा, दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज तोंडाबाहेर ऐकवावा, औषधाची चव आधी सांगावी. वर्णकहीनता (त्वचा, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्याचा अभाव) असलेल्या मुलांना प्रखर दिवा सहन होत नाही, त्यांना गडद चष्मा द्यावा. दात घासण्याचे शिक्षण देण्यासाठी बेळगावच्या दंत महाविद्यालयातील हेब्बाळ आणि अंकोला यांनी २०१२ मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात मूल आधी ऐकते, मग दातांच्या मोठ्या प्रतिकृतीवर हात फिरवते आणि मग स्वतः करून पाहते. इजेचे प्रथमोपचारही याच पद्धतीने शिकवता येतील असे मला वाटते.

रानवारा

डॉक्टर, शेवटच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. या धाग्यात आतापर्यंत दात शोधणारा, उचलणारा आणि धरणारा माणूस डोळसच गृहीत धरला आहे. वसतिगृहात रात्री आठ वाजता दात पडतो तेव्हा आसपास असतात ती आम्हीच मुले. फरशीवर तळवे टेकवून पट्ट्यापट्ट्याने जमीन चाचपून बारीक वस्तू शोधणे आम्हाला शिकवलेले असते. पडलेले बटण आम्ही तसेच शोधतो. रुंद, गुळगुळीत टोक आणि निमुळते, खरखरीत टोक यांतला फरक बोटाला क्षणात कळतो. फक्त कोणते टोक धरायचे ते कोणी सांगितलेले नाही. आम्हाला सांगा.

पायवाट

रानवारा यांच्याशी पूर्ण सहमत. हे माझ्या डोक्यात आले नाही याची खंत वाटते.

सागरकाठ

पत्नीला सगळा धागा वाचून दाखवला. मुलीने दारांचा नियम ऐकला आणि आता ती स्वतःच घरभर फिरून कोणते दार अर्धवट आहे ते सांगते. संध्याकाळी अंगणात धावण्याची परवानगी परत मिळाली आहे. बांबोळीला पुढच्या आठवड्यात जातो. डॉक्टर, तुम्ही सांगितलेले अंतर मोजून आल्यावर इथे लिहितो.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. काल जुन्या शाळेत गेले होते. सध्याच्या अधीक्षकांना हा धागा दाखवला आणि शयनगृहाच्या दारांना भिंतीलगत अडकवायचे आकडे बसवण्याचे ठरले. स्वयंपाकघरात रात्रीसाठी अर्धा लिटर दूध बाजूला ठेवण्यास मावशी तयार आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली आणि त्याचे पथक मुलांचे दातही तपासते. माझ्या काळात ते आले की ‘कीड आहे किंवा नाही’ एवढेच आम्ही लिहून घेत असू. आता तुटलेल्या दातांची वेगळी यादी त्यांच्या हाती देण्याचे अधीक्षकांनी मान्य केले आहे.

रानवारा, तुमची सूचना वाचून मी कुंभारवाड्यातून मातीचे दोन मोठे दात करून घेतले, प्रत्येकी वीतभर लांबीचे, माथा घोटून गुळगुळीत केलेला आणि मूळ खरखरीत ठेवलेले. सहावीच्या मुलांनी ते हातात घेतले. धरायचे टोक त्यांना पहिल्याच फेरीत ओळखता आले. एका मुलीने मात्र मला अडवले. खाचेत बसवताना दाताची पुढची बाजू कोणती आणि जिभेकडची कोणती हे या मातीच्या दातावर कळत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच केल्या आहेत, असे ती म्हणाली. तिने स्वतःच्या दातामागे बोट घालून मला सांगितले की आतली बाजू खोलगट असते. मी ६० वर्षांची होईपर्यंत हे कधी तपासून पाहिले नव्हते. कुंभाराकडे उद्या परत जाते.